उलटे पाढे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



वर्धापनदिनाला एखादे व्याख्यान ठेवावयाचे ही आपल्या मंडळाची जुनी रीत आहे. आजवर या जागेवरून आहारशास्त्र झाले, ज्ञानेश्वरी झाली, बालसंगोपन झाले, गुडघेदुखी तर दोनदा झाली. या वर्षी चिटणीसबाईंनी मला विचारले, "तुम्ही कशावर बोलणार?" मी म्हटले, "भागाकाराच्या पाढ्यांवर." त्या क्षणभर थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "अहो, पण बायका येतील ना?" आपण आलात, आणि नुसत्या फराळाच्या वेळेला न येता आधीपासून आलात, याबद्दल मी आपली आभारी आहे.

माझा जन्म प्राथमिक शाळेत शिकविण्यात गेला. चौतीस वर्षे मी तिसरी-चौथीच्या वर्गांना शिकविले आणि निवृत्त झाल्यावर आपल्या मंडळाच्या शनिवारच्या वर्गात आळीतल्या मुलांना घेऊन बसते. या सर्व काळात मला एक गोष्ट वारंवार पाहावयास मिळाली. बेरीज मुलांना आवडते, वजाबाकी ती सहन करतात, गुणाकाराचे पाढे सुरावर म्हणतात. आणि भागाकार आला की हुशार मुलेसुद्धा पेन्सिल चावू लागतात. ही आपल्या आळीचीच तक्रार आहे असे समजू नका. 'प्रथम' या संस्थेतर्फे २००५ पासून 'असर' नावाची पाहणी होते. घरोघरी जाऊन मुलांना एक साधे उदाहरण घालतात, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भाग द्या म्हणून. २०२४ च्या पाहणीत आपल्या देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या शंभर मुलांपैकी सुमारे एकतीस मुलांनाच ते जमले. उरलेली एकोणसत्तर मुले सहावीत जाणारच आहेत. तिथे अपूर्णांक, सरासरी, शेकडेवारी हे सारे भागाकाराच्या पायावर उभे असते.

गेल्या वर्षी आपल्या वर्गात पाचवीतली एक मुलगी आली. आल्या आल्या तिने मला वीसपर्यंतचे पाढे म्हणून दाखविले. एकोणीसचा पाढासुद्धा न अडखळता म्हटला. मला आनंद झाला. मग मी विचारले, "छप्पन्न भागिले सात किती?" ती गप्प. थोड्या वेळाने तिने पाटीवर एकेक उभी रेघ ओढावयास आरंभ केला. छप्पन्न रेघा ओढल्या, सातसात रेघांभोवती कडी काढली, कडी मोजली आणि म्हणाली, "आठ." उत्तर बरोबर होते! रीतही चुकीची नव्हती. पण ज्या मुलीने पाच मिनिटांपूर्वी 'साती आठे छप्पन्न' असे घडाघडा म्हटले होते, तिला त्या छप्पन्नाची या छप्पन्नाशी ओळख पटली नव्हती.

असे का व्हावे? आपल्यावरूनच पाहा. एखाद्या पाठ असलेल्या आरतीच्या तिसऱ्या कडव्याचा पहिला शब्द कोणी विचारला, तर आपण मनातल्या मनात आरंभापासून आरती म्हणू लागतो. मधूनच तो शब्द उचलून देता येत नाही. पाढ्याचेही तसेच आहे. तो सुराच्या दोऱ्यात ओवलेला असतो. 'साती आठे' येण्यासाठी मुलाला 'सात एके सात' पासून निघावे लागते. आणि भागाकारात तर आपण मुलाला दोऱ्याचे दुसरेच टोक हाती देतो. छप्पन्न देतो आणि मागचा आठ मागतो. त्या टोकाकडून तो कधी चाललेलाच नसतो.

म्हणून माझे सांगणे इतकेच की पाढा दोन्ही बाजूंनी पाठ व्हावा. 'साती आठे छप्पन्न' झाले की लगेच 'छप्पन्नात सात आठ वेळा' आणि 'छप्पन्नात आठ सात वेळा'. यालाच मी भागाकाराचा पाढा म्हणते. वर्गातली मुले त्याला उलटा पाढा म्हणतात. त्यांचे नाव अधिक चांगले आहे.

पण आधी म्हणणे नको, आधी पाहणे हवे. आपणा सर्वांना ठिपक्यांची रांगोळी येते. अंगणात सात ओळी आणि प्रत्येक ओळीत आठ ठिपके काढा. मुलाला एका बाजूला उभे करा. त्याला आठआठच्या सात ओळी दिसतात. त्यालाच दुसऱ्या बाजूला न्या. आता सातसातच्या आठ ओळी दिसतात. ठिपका एकही हललेला नाही. सात आठे आणि आठी साते एकच का, हे तोंडाने समजावीत बसण्यापेक्षा हे चार पावले चालणे पुष्कळ बरे. मग विचारा, "हे सगळे छप्पन्न ठिपके आहेत. ओळीत सात ठेवले तर ओळी किती?" मूल पाहून सांगते. पाच-सहा दिवस असे पाहिल्यानंतर मग पाठांतर करा; ते चिकटते. अंगण नसेल तर चिंचोके घ्या. फ्लॅटमध्ये चिंचोकेही नसतील तर राजमा घ्या, फक्त नंतर मोजून परत भरा.

येथे एक भेद सांगते, कारण तो मोठ्यांच्याही ध्यानात नसतो. भागाकार दोन तऱ्हेचा असतो. चोवीस लाडू आहेत आणि सहा घरी समान पाठवावयाचे आहेत. प्रत्येक घरी किती? ही वाटणी. चोवीस लाडू आहेत आणि एका डब्यात सहा मावतात. डबे किती लागतील? ही वाटणी नव्हे, ही मोजणी. उत्तर दोन्हीकडे चारच, परंतु पहिल्यात चार लाडू आहेत आणि दुसऱ्यात चार डबे. पुस्तकातले शाब्दिक उदाहरण वाचून मूल "बाई, गुणायचे की भागायचे?" असे विचारते, तेव्हा पुष्कळ वेळा हाच घोटाळा असतो. त्याला वाटणीचा भागाकार ओळखता येतो, मोजणीचा येत नाही. उलटा पाढा मोजणीचा आहे, 'किती वेळा' असे विचारणारा. म्हणून तो म्हणताना 'वेळा' हा शब्द गाळू नये.

पालक म्हणतात, बाई, आधीच पाढे डोईजड, त्यात हे उलटे आणखी कशाला? तर त्यांना मी हिशेब करून दाखविते. दोनपासून नऊपर्यंतच्या अंकांचे आपसातले गुणाकार चौसष्ट. पण सात आठे आणि आठी साते एकच धरले की ते छत्तीस उरतात. त्यातून बे आणि पाच यांचे काढून टाका, ते बहुतेक मुलांना येतातच. उरले एकवीस. नवाच्या पाढ्यात उत्तराच्या अंकांची बेरीज नऊच येते, अठरा, सत्तावीस, छत्तीस असे. ती खूण एकदा दिसली की नवाचेही सोपे. मग राहिले पंधरा. पंधरा गोष्टी दोन्ही बाजूंनी पाठ करावयाच्या, एवढेच ओझे आहे. दिवसाला एक म्हटली तरी अधिक महिना नको, एक पंधरवडा पुरे. (पंधरवड्यात होत नाही हे मला ठाऊक आहे. दोन महिने धरा.)

आता खरी मेख. भागाकारात नेहमी छप्पन्न येत नाहीत. एकोणसाठ येतात, एकसष्ट येतात. सातच्या पाढ्यात एकोणसाठ नाहीतच! मूल पाढा म्हणत जाते, छप्पन्नावरून त्रेसष्टवर उडी पडते आणि ते गोंधळून उभे राहते. म्हणून वर्गात आम्ही 'आतला जवळचा' असा खेळ खेळतो. मी म्हणते, "एकोणसाठ, सात." मुलाने सांगावयाचे, "आतला जवळचा छप्पन्न, आठ वेळा, बाकी तीन." जवळचा हवा, पण आतला. त्रेसष्ट चार पावले दूर आणि बाहेरचा, तो नको. हे एकदा अंगवळणी पडले की लांब भागाकार म्हणजे हाच खेळ पुनःपुन्हा. लांब भागाकार येत नाही म्हणून माझ्याकडे आणलेल्या मुलांपैकी बहुतेकांना पायऱ्या येत असतात. त्यांना हा आतला जवळचा सापडत नसतो. पालक पायऱ्याच पुन्हा पुन्हा घोटून घेतात आणि शेवटी पहिले पाढे पंचावन्न.

शून्याचेही असेच. आठशे चोवीस भागिले आठ हे उदाहरण घाला. दहांतली तीन-चार मुले तरी उत्तर तेरा आणतील. आठात आठ एक वेळा. दोनात आठ जात नाहीत, म्हणून सोडून दिले. चोवीसात आठ तीन वेळा. दोनात आठ जात नाहीत म्हणजे शून्य वेळा जातात, आणि ते शून्य वर लिहावयाचे असते, हे त्याला सांगून पटत नाही. मी विचारते, "आठ जणींत आठशे चोवीस रुपये वाटले आणि प्रत्येकीला तेराच रुपये मिळाले, तर उरलेले कोणी घेतले?" मुले हसतात आणि आपणहून शून्य घालतात. उत्तर एकशे तीन. पैशाच्या बाबतीत मुलांना कोणी फसवू शकत नाही.

बाकीविषयी एकच सांगते. आपल्या मंडळाची सहल काढावयाची आहे, पन्नास जणी आहेत आणि एका गाडीत आठ जणी बसतात. पन्नास भागिले आठ, भागाकार सहा, बाकी दोन. गाड्या किती सांगावयाच्या? सहा म्हणाल तर त्या दोघी घरीच राहतील. पण पन्नास मीटर कापडाचे आठ-आठ मीटरचे तागे करावयाचे असतील तर ते सहाच होतील. आकडे तेच, बाकीही तीच, तिचे काय करावयाचे ते मात्र व्यवहार सांगतो. हे पाटीवर शिकविता येत नाही, घरातच शिकविता येते.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येते. अध्यक्षबाई घड्याळाकडे पाहत आहेत, पण मी फार वेळ घेणार नाही.

भागाकाराचे पाढे ही नवी कल्पना नव्हे. आपल्या मराठी घरांत ते पिढ्यान्‌पिढ्या होते, फक्त त्यांना भागाकाराचे पाढे असे कोणी म्हटले नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी! येथे बसलेल्या वडीलधाऱ्या बायकांच्या चेहऱ्यावर हसू आले ते मला दिसते आहे. लहानांसाठी सांगते. पावकी म्हणजे पावाचा पाढा: एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक, पाच पाव सव्वा, असा तो पुढे जातो. निमकी अर्ध्याची, पाऊणकी पाऊणची, सवायकी सव्वाची, दिडकी दीडची, अडीचकी अडीचची आणि औटकी साडेतीनची. औट म्हणजे साडेतीन. आपला देह औट हात, असे जुने लोक म्हणत. घरोघर शब्द थोडे निराळे असत, चालही निराळी असे. परंतु जरा विचार करा: पावकी म्हणजे चाराने भागण्याचा पाढाच नव्हे काय? 'दहा पाव अडीच' म्हणजे दहा भागिले चार बरोबर अडीच. येथे तर बाकीसुद्धा उरत नाही, बाकीचीही वाटणी झालेली असते. आणि निमकी म्हणजे दोनाने भागण्याचा पाढा.

हे पाढे पंतोजींच्या शाळेत मुलांकडून घोकून घेत. मुली त्या शाळेत नसत. पण भिंतीपलीकडून कानावर पडलेले घरात राहत असावे, नाहीतर आमच्या आजीला ते कसे आले असते? आजीला सही करता येत नव्हती. समजा, दूध दहा आणे शेर आहे आणि घरी रोज पाऊण शेराचा रतीब आहे. महिन्याचे किती? आजी चुलीपुढे बसून म्हणावयाची: तीस पाऊणे साडेबावीस, म्हणजे दूध झाले साडेबावीस शेर. सोळा शेरांचे दहा रुपये, कारण रुपयाचे आणे सोळा. राहिले साडेसहा शेर, त्यांचे पासष्ट आणे. पासष्टात सोळा चार वेळा, बाकी एक. चौदा रुपये एक आणा. गवळी दारात उभा असावयाचा आणि त्याच्या भिंतीवरच्या रेघांचा हिशेब होण्याआधी आजीचा झालेला असे. यात गुणाकार आहे, भागाकार आहे, अपूर्णांक आहेत, आतला जवळचाही आहे. कागद मात्र नाही.

मी दुसरीत असताना, १ एप्रिल १९५७ रोजी, रुपयाचे शंभर नये पैसे झाले. पुढे १९६२ पर्यंत शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम सर्वत्र आले. त्याने शाळेचे गणित पुष्कळ सोपे झाले, यात मुळीच वाद नाही. रुपये, आणे, पै यांचे भागाकार ज्यांनी केले आहेत त्यांना विचारा. रुपयांची बाकी सोळाने गुणून आण्यांत मिळवा, आण्यांची बाकी बाराने गुणून पैंत मिळवा. ते गेले ते बरेच झाले. परंतु एक गोष्ट हरवली. सोळा हा आकडा मोठा गुणी होता. त्याचे निम्मे आठ, त्याचे निम्मे चार, मग दोन, मग एक. शेराचे छटाक सोळा. धान्याच्या मापातही शेराची दोन मापटी, मापट्याची दोन चिपटी, असे निम्मेनिम्मे करीतच उतरावयाचे. शंभराचे निम्मे पन्नास, त्याचे निम्मे पंचवीस, आणि पुढे साडेबारा आले की गाडी अडली. त्यामुळे निम्मे आणि पाव करीत हिशेब करण्याची हाताची सवय मोडली. पावकी-निमकी शाळेतून हळूहळू निघून गेली.

आणि तरी ती बाजारातून गेलेली नाही. पंचवीस पैशांचे नाणे ३० जून २०११ पासून चलनातून गेले, पण आपण अजून 'चार आण्यांची अक्कल नाही' असे म्हणतोच. भाजीवाला अजून पाव किलोचा भाव सांगतो, आणि गवार सत्तर रुपये किलो असली तर पाव किलोला साडेसतरा होतात, तो वीस सांगतो. वीस देऊ नका असे मी म्हणत नाही. त्यालाही सुटे पैसे आणि पाव पाव किलो मोजण्याची मेहनत पडते. पण आपण अडीच रुपये वर देत आहोत हे आपणांस ठाऊक असावे. 'सत्तर पाव साडेसतरा' जिला येते तिला ते मोबाइल न काढता ठाऊक असते. म्हणून शनिवारच्या वर्गात मी पावकी आणि निमकी पुन्हा सुरू केली आहे. औटकी नाही, साडेतीनचा व्यवहार आता फारसा उरला नाही, आणि आठवण म्हणून मुलांच्या डोक्यावर ओझे ठेवणे मला पटत नाही.

जुन्या ग्रंथांतही उलट्या पाढ्यालाच पहिला मान आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा आणि 'लीलावती' ११५० ची. चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ चा शिलालेख आहे. आचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, असे त्यात लिहिले आहे. म्हणजे खानदेशात आठशे वर्षांपूर्वी या पुस्तकाची शाळा होती. लीलावतीच्या लग्नघटिकेची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. ती खरी की खोटी ते सोडून देऊ. मला त्याहून महत्त्वाचे हे वाटते की त्या ग्रंथातली कितीतरी उदाहरणे एका मुलीला उद्देशून विचारलेली आहेत. आणि भागाकाराची रीत सांगताना आचार्य सांगतात ती अशी: भाजक जितक्या पट करून भाज्याच्या टोकाच्या स्थानातून वजा होईल, ती पट हेच भागाकाराचे फळ. हा आपला आतला जवळचाच झाला! पुढे ते असेही सांगतात की भाज्य आणि भाजक या दोहोंना एकाच संख्येने भाग जात असेल तर आधी तो द्यावा, मग भागावे. शंभर वीस भागिले चोवीस करण्यापूर्वी दोहोंना बाराने भाग द्या. दहा भागिले दोन उरते. हे आम्हांला मास्तरांनी 'युक्ती' म्हणून चोरट्या आवाजात सांगितले होते. तेथे ते सरळ नियम म्हणून दिले आहे.

आकड्यांच्या नावांविषयी दोन शब्द बोलल्याशिवाय मला राहवत नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस' च्या जोडीला 'वीस एक' असे वाचन आले आणि केवढा गदारोळ झाला, हे आपणांस आठवत असेल. त्यावेळी गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर होत्या. 'गणितगप्पा' लिहिणाऱ्या त्या विदुषी २०२३ साली गेल्या. लोकांनी त्यांची पुष्कळ टिंगल केली. मी मात्र वर्गात रोज पाहते ते सांगते. 'त्रेसष्ट' म्हटले की कानाला आधी तीन ऐकू येतो आणि मूल छत्तीस लिहिते. एकोणसाठ म्हटले की साठ ऐकू येतात आणि ते एकोणसत्तरच्या आसपास भटकते. पाढा तोंडी बरोबर, पाटीवर चूक, असे कितीतरी वेळा केवळ नावांमुळे होते. मला स्वतःला त्रेसष्ट, सदुसष्ट ही नावे प्रिय आहेत आणि ती राहावीत. पण नवशिक्या मुलाला चार दिवस 'साठ तीन' म्हणू दिले तर भाषा बुडत नाही. भागाकारात छप्पन्न आणि पासष्ट यांचा घोटाळा झाला तर मात्र उदाहरण बुडते.

आता त्या छप्पन्न रेघांच्या मुलीकडे वळते, कारण तिच्याविषयी एक गोष्ट आपणांस सांगितली पाहिजे. तिची आई घरकाम करते. एका घरी तिला महिना सत्तावीसशे रुपये मिळतात. पावसाळ्यात तिला ताप आला आणि चार दिवस खाडा झाला. महिनाअखेर त्या घरच्या बाईंनी सहाशे रुपये कापून एकवीसशे हातावर ठेवले. आई काही न बोलता घरी आली. मुलीने विचारले, "महिन्याचे दिवस किती?" मग पाटीवर लिहिले, सत्तावीसशे भागिले तीस. दोन्हींकडचे एकेक शून्य काढले, दोनशे सत्तर भागिले तीन. सत्तावीसात तीन नऊ वेळा, शून्य खाली, नव्वद. चार दिवसांचे तीनशे साठ. म्हणजे दोनशे चाळीस रुपये जास्त कापले होते. या वेळी एकही रेघ ओढली नाही.

दुसऱ्या दिवशी आईने तो कागद नेऊन दाखविला. त्या बाईंनी तो दोनदा वाचला आणि दोनशे चाळीस रुपये काढून दिले. त्या लुच्च्या होत्या असे मला वाटत नाही. त्यांनी भागाकार केलाच नव्हता. अंदाजाने सहाशे म्हटले, आणि अंदाज नेहमी ज्याच्या हातात पैसे असतात त्याच्याच बाजूला झुकतो. तापाच्या दिवसांचे पैसे मुळात कापावेतच का, हा प्रश्न निराळा आहे आणि तो मी आज विचारते आहे, कारण तो भागाकाराने सुटावयाचा नाही. येथे बसलेल्या आपण बहुतेक जणी देणाऱ्या आहोत. महिनाअखेर खाडे मोजताना कागद-पेन्सिल घेऊन बसावे, आणि तो कागद घेणाऱ्या बाईलाही दाखवावा, एवढे तरी आपल्या मंडळाने ठरवावे असे मी सुचविते. ठराव करावयाचा असेल तर मी मांडते. कोणी अनुमोदन द्यावे.

आपल्यापैकी कितीतरी जणी "मला बाई हिशेबातले काही कळत नाही" असे हसत म्हणतात. बँकेचे कागद नवऱ्याकडे नाहीतर मुलाकडे सरकवितात. बचतगटाच्या बैठकीत व्याजाची वाटणी झाली की सही करून मोकळ्या होतात. गेल्या दिवाळीत गटाचे सात हजार आठशे चाळीस रुपये व्याज सोळा जणींत वाटावयाचे होते. कोशाध्यक्षबाई मोबाइल शोधीत होत्या, तेवढ्यात मागे बसलेल्या एका आजींनी निम्मे, निम्मे, निम्मे, निम्मे असे चारदा करून चारशे नव्वद सांगितले. करून पाहा, एकोणचाळीसशे वीस, एकोणीसशे साठ, नऊशे ऐंशी, चारशे नव्वद. त्या आजींना निमकी येत होती. त्यांचे नाव त्या मला घेऊ देत नाहीत, म्हणून घेत नाही. पण त्या आजही मागच्याच रांगेत बसल्या आहेत.

शनिवारचा वर्ग चार वाजता असतो, मंडळाच्या याच खोलीत. मुले आता अठरा झाली आहेत आणि मी एकटी आहे. दोघी जणी मदतीला आल्या तर मला सहा-सहांचे तीन गट करता येतील. गणित यावयास हवे अशी अट नाही. 'आतला जवळचा' विचारता आला की पुरे, आणि तो मी पाच मिनिटांत शिकविते. येताना घरचे चिंचोके घेऊन या. गेल्या वर्षीचे होते, ते उंदरांनी निम्मे नेले.

आता चहा येतो आहे, तेव्हा मी आपली रजा घेते.